गार पाणी ओतायचं असेल तर स्वतःच्या डोक्यावर ओता

‘गॅरेजवाले हे गुपित तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ या ओळीने सुरू होणारा तो फॉरवर्ड तुमच्याही फोनवर आला असेलच. जुनी 800, झेन, सॅन्ट्रो, इंडिका गरम होते? मग हे घ्या पाच उपाय, खर्च शून्य, शेवटी हात जोडलेले इमोजी. मी वाचून सोडून दिला होता. पण पेडण्याच्या मामांचा त्यातला एक उपाय करून झाला होता आणि ते दुसरा करायच्या बेतात होते, तेव्हा मामींचा फोन आला. आता गप्प बसणं शक्य नाही.

फॉरवर्ड सांगतो ते असं: काटा लाल पट्ट्यात गेला की लगेच रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओता. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी, रेडिएटरच्या वाटेवरची झडप) काढून फेका, तो थंड देशांसाठी असतो. फॅनची वायर डायरेक्ट करा, म्हणजे स्विच वगळून थेट जोडा. कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं ग्लायकॉलचं द्रव्य) ही लूट आहे, नळाचं पाणी पुरे. आणि अडचणीत हीटर फुल लावा.

झाकणापासूनच सुरुवात करू, कारण बाकीच्या उपायांनी फार तर गाडी जाईल, याने माणूस भाजेल. तापलेला रेडिएटर म्हणजे शिट्टी न झालेला कुकर. झाकणातली स्प्रिंग आतला दाब साधारण 0.9 बारपर्यंत धरून ठेवते, म्हणून आतलं पाणी 100 ऐवजी 118 अंशांच्या आसपास उकळतं. 110 अंशांना ते पाणी म्हणून टिकतं ते केवळ त्या झाकणामुळे. झाकण फिरवलंत की दाब गेला, आणि त्यातल्या काही पाण्याची त्याच क्षणी वाफ झाली. वाफेला पाण्याच्या 1600 पट जागा लागते. ती कुठून मिळणार? तुम्ही वाकून बघत असता तिथूनच. हात, छाती, तोंड, डोळे.

यासाठी कुणा तज्ज्ञाकडे जायची गरज नाही. मामांच्या झेनच्या ग्लव्ह बॉक्समध्ये गाडीबरोबर आलेली पुस्तिका अजून आहे, पानं पिवळी पडली आहेत एवढंच. तीत स्पष्ट म्हटलंय की पाणी गरम असताना झाकण काढणं धोक्याचं, उकळतं पाणी आणि वाफ दाबाने बाहेर फेकली जाईल. वाफ दिसत नसेल तर एसी बंद करून, गाडी बाजूला घेऊन इंजिन थोडा वेळ आयडलवर चालू ठेवा, वाफ दिसली किंवा ऐकू आली तर तत्काळ बंद करा, हेही तिथेच आहे. मामा म्हणाले, ‘पण मेसेज तर कुणा इंजिनियरचा आहे.’ अहो मामा, ज्यांनी गाडी बनवली तेही इंजिनियरच होते ना!

शिवाय गार पाणी. सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, अॅल्युमिनियमचं असतं. ते तापून फुललेलं असताना त्यात गार पाणी घातलं की ते वाकू शकतं, तडकू शकतं, त्याखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, जाऊ शकतं. मग ‘खर्च शून्य’वाल्याला हेड फेसिंगचं, म्हणजे वाकलेलं हेड घासून सपाट करायचं, बिल पाठवा. अर्धा तास तरी थांबायचं, मग रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) जाड फडक्याने दाबून बघायचा. कडक लागला तर आत अजून दाब आहे, आणखी थांबा.

थर्मोस्टॅटचं फार लिहीत नाही. तो साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला लागतो. इंजिनला लवकर योग्य तापमानावर आणणं हे त्याचं काम, आणि ते पेडण्यातही करावंच लागतं. काढून टाकला तर इंजिन गार राहून पेट्रोल जास्त पितं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटर टाळून बायपासनेच फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. अडकलाय अशी शंका असेल तर काढा, टोपात पाणी तापवून त्यात दोऱ्याने टांगा, उघडतो का बघा. नाही उघडला तर नवा बसवा.

कूलंटच्या बाबतीत अर्धी गोष्ट खरी आहे, नाइलाजाने कबूल करतो. गोव्यात पाणी गोठत नाही, आणि निव्वळ पाणी उष्णता ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा जास्त वाहून नेतं. पण कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं नळाच्या पाण्यात कुठून येणार? किनाऱ्याजवळच्या बावीचं खारट पाणी घालणारे महाभागही मला माहीत आहेत. त्यांच्या रेडिएटरमधून निघतं ते चहाच्या रंगाचं असतं. वाटेत अडकलात तर साधं पाणी घाला, घरी आलात की बदला. हीटरचा उपाय मात्र बरोबर आहे. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, घाम येईल पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडेल.

राहिला फॅन. मामांची गाडी हायवेवर धारगळपर्यंत व्यवस्थित चालायची आणि पर्वरीच्या कोंडीत उभी राहिली की काटा चढायचा. धावताना वारा मिळतो, उभं राहिल्यावर फॅनच लागतो, म्हणजे संशय फॅनवर. इथपर्यंत फॉरवर्ड चुकला असं म्हणणार नाही. मग मामांनी रस्त्याकडेच्या एका माणसाकडून फॅन ‘डायरेक्ट’ करून घेतला, आणि गाडी धावतानाही गरम व्हायला लागली!

बॉनेट उघडून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला वहीचा कागद धरला. तो जाळीला चिकटायला हवा, कारण या गाडीत फॅन मागे असतो आणि हवा आत ओढतो. कागद उडून माझ्याच अंगावर आला. प्लस-मायनस उलटे जोडले होते. डीसी मोटर निमूटपणे उलटी फिरत होती, येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध फुंकत. वर वायर बारीक, मध्ये ना फ्यूज ना रिले. एवढा करंट सतत त्या वायरीतून गेला असता तर पुढची बातमी आगीची असती.

मूळ दोष शोधायला फार कष्ट पडले नाहीत. फ्यूज शाबूत. बॅटरीवरून मोटरला सरळ करंट दिला तर ती जोरात फिरली. थर्मोस्विचचा (पाणी तापलं की फॅन चालू करणाऱ्या स्विचचा) कनेक्टर काढून त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या, तरी फॅन गप्प. म्हणजे स्विचही नाही, वायरिंगच. फॅनचा प्लग ओढला तर एका पिनेवर हिरवी भुकटी आणि भोवतालचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं. खारी हवा, पावसाळा, दुसरं काय. प्लग बदलला, जुनं वायरिंग पूर्ववत केलं, काम झालं. पिना जोडायची ही युक्ती साध्या दोन पिनांच्या थर्मोस्विचपुरतीच आहे, ईसीयूवाल्या, म्हणजे फॅन कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, गाडीत करू नका.

उभी असताना नव्हे, तर चोर्ल्याचा घाट चढताना गाडी तापत असेल, तर फॅनच्या मागे लागून उपयोग नाही. तिथे चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप, अडकलेला थर्मोस्टॅट बघायचा. आणि पाणी रोज कमी होतंय पण खाली गळती दिसत नाही, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसतंय, म्हणजे पाणी इंजिनच्या आत शिरत असावं, तर गाडी सुरूच करू नका, टो करून न्या.