'बोहेमियन रॅप्सडी': तीन गळ्यांचा गायकवृंद

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडच्या 'बोहेमियन रॅप्सडी' या गाण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा त्याचा कर्ता आणि गायक फ्रेडी मर्क्युरीच्या प्रतिभेवर किंवा गाण्याच्या गूढ अर्थावर येते. अर्थ उलगडून सांगायचे खुद्द फ्रेडीने नेहमीच टाळले आणि मलाही तो शोध दुय्यम वाटतो. हे गाणे टिकले ते त्यातल्या आवाजांच्या घडणीमुळे, असे माझे ठाम मत आहे.

ऑगस्ट 1975 मध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत 'क्वीन'ने त्याचे ध्वनिमुद्रण सुरू केले. जवळजवळ सहा मिनिटांच्या या रचनेला ध्रुवपदच नाही. पियानोच्या साथीने चाललेली आर्त कबुली, ब्रायन मेची गिटार, मग अनपेक्षितपणे ऑपेरा, त्यातून उसळणारा रॉक आणि अखेर पुन्हा संथ लय, असा तिचा प्रवास आहे. ऑपेराच्या भागात भलामोठा गायकवृंद ऐकू येतो, पण गाणारे आहेत तिघेच: खालच्या पट्टीत मे, मधल्या पट्टीत मर्क्युरी आणि सर्वांत वर ड्रमर रॉजर टेलर. 24 ट्रॅकच्या, म्हणजे 24 आवाज वेगवेगळे साठवता येणाऱ्या, टेपवर जागा संपली की आधीचे आवाज एकत्र करून ते मोजक्या ट्रॅकवर उतरवायचे आणि त्यावर पुन्हा गायचे, असे काम सुमारे तीन आठवडे चालले. यंत्रावरून वारंवार फिरून टेपचा लेप इतका झिजला की तिच्यातून आरपार दिसू लागले. तीच ओळ पुन्हा गाताना श्वासात आणि सुरात जो सूक्ष्म फरक पडतो, त्यानेच त्या गायकवृंदाला भरीवपणा आला आहे.

फारोख बलसारा या नावाने पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकताना फ्रेडी 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये पियानो वाजवत असे, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. मात्र त्याच्या सहकाऱ्यांचे आणि निर्माते रॉय थॉमस बेकर यांचे कष्ट त्यात झाकले जाऊ नयेत.

गाणे रेडिओसाठी फार लांब आहे, असा आक्षेप होता, तरी बँडने कात्री लावू दिली नाही. ब्रिटनमधील गाण्यांच्या विक्रीच्या यादीत ते नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले आणि 1991 मध्ये फ्रेडीच्या निधनानंतर पुन्हा तिथे पोहोचले.

मैफलीत ऑपेराचा भाग 'क्वीन' स्वतः गात नसे. मंच रिकामा करून टेप लावली जाई. 2017 मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये 'ग्रीन डे' या अमेरिकन रॉक बँडचा कार्यक्रम सुरू होण्याआधी हे गाणे नुसते लावले गेले, तर जमलेल्या हजारो लोकांनी ऑपेरासकट ते पूर्ण गायले. तीन माणसांनी तीन पट्ट्यांत बांधलेल्या त्या भागात प्रत्येकाला आपापल्या गळ्याची जागा सापडत होती.