पंचम जॉर्ज 'स्नेहमयी माता' कधी झाला?

आमच्या घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला. 'जन गण मन' पंचम जॉर्जच्या स्वागतासाठी लिहिलं, अधिनायक म्हणजे तोच, आणि त्याचं बक्षीस म्हणून टागोरांना नोबेल. मामांनी पाठवला, खाली पटापट अंगठे. मी गप्पच बसणार होते. पण आठवीतल्या भाचीनं २६ जानेवारीच्या भाषणासाठी तो वहीत उतरवून घेतला, तेव्हा डोकं सटकलं.

तिला म्हटलं, आधी अख्खं गाणं वाच. पाच कडवी आहेत, आपण म्हणतो ते फक्त पहिलं. तिसऱ्यात आहे, 'पतन-अभ्युदय-बन्धुर पन्था, युग युग धावित यात्री, हे चिरसारथि'. १९११ साली शेहेचाळिशीचा असलेला राजा युगानुयुगं रथ कधीपासून हाकत होता? चौथ्यात तर 'स्नेहमयी तुमि माता'. दाढीमिशीवाल्या जॉर्जला आई म्हणायचं?

टागोरांनी स्वतः १९३७ च्या पत्रात हे निकालात काढलंय. सरकारदरबारी वजन असलेल्या एका मित्रानं सम्राटाचा जयजयकार लिहायची गळ घातली होती. त्याचा त्यांना संताप आला, आणि त्यातून हे गाणं आलं. हा भाग्यविधाता पाचवा, सहावा, कुठलाच जॉर्ज असू शकत नाही, असं त्यांनी साफ लिहिलंय. यापुढे मामांचा फॉरवर्ड काय टिकणार?

आता एक कबूल करायला हवं. अफवा अगदीच हवेतून आलेली नाही. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात राजानं बंगालची फाळणी रद्द केली. २७ तारखेला कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात हे गाणं झालं, आणि त्याच दिवशी राजाच्या स्तुतीचं एक हिंदी गाणंही झालं. इंग्रजी पत्रांनी दोन्हींची खिचडी केली. ती खिचडी आपण अजून गरम करून वाढतोय.

नोबेल १९१३ चं, 'गीतांजली'साठी. इंग्रजांनी दिलेली 'सर' ही पदवी १९१५ ची, आणि ती टागोरांनी जालियनवाला बागेनंतर परत केली. ते मात्र फॉरवर्डमध्ये नाही.

याच मामांनी ऑगस्टात 'युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं' असंही पाठवलं होतं. तीही थापच. निदान दोनातली एक तरी थाप धरून ठेवा, मामा!

भाचीनं वहीतलं पान फाडलं नाही, त्यावर काट मारून खाली तिसरं कडवं लिहिलं. मग विचारलं, 'बन्धुर' म्हणजे काय गं, मावशी? म्हटलं, खाचखळग्यांचा.