पिल्लू मोठं होण्याची वाट पाहू नका

"अजून लहान आहे, जरा मोठं होऊ दे, मग शिकवू." घरी कुत्र्याचं नवं पिल्लू आणलेल्या माणसांकडून हे वाक्य मी सतत ऐकते आणि दरवेळी जीव तुटतो. आपण वाट पाहत बसतो, नेमके तेच दिवस सगळ्यात मोलाचे असतात.

पिल्लाचे डोळे साधारण दुसऱ्या आठवड्यात उघडतात, मग कान. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत ते एकच गोष्ट ठरवत असतं: कशाला घाबरायचं आणि कशाला नाही. या काळात जे सुखरूप भेटलं त्याची सवय होते. जे भेटलंच नाही त्याची पुढे धास्ती बसू शकते. १९६१ साली फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी काही पिल्लं कुंपणाआड, माणसांच्या सहवासाशिवाय वाढवली. चौदा आठवडे माणसापासून लांब राहिलेली पिल्लं पुढे माणसाळणं फार अवघड गेलं.

यावर लोक म्हणतात, "पण लस पूर्ण व्हायचीय ना!" काळजी खरी आहे. पार्व्हो हा पिल्लांना होणारा भयंकर संसर्गजन्य आजार आहे. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, म्हणून साधारण १६ आठवड्यांपर्यंत डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात. पण तोवर पिल्लाला घरात कोंडलं तर तो काळ हातचा जातो. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ सालीच सांगितलं, की पहिल्या लसीनंतर ७ दिवसांनी पिल्लाला स्वच्छ जागी, लस घेतलेल्या पिल्लांबरोबर प्रशिक्षणाच्या वर्गात न्यायला हरकत नाही. तेही जमत नसेल तर कडेवर घ्या आणि बाहेर पडा. जमिनीवर पाय न टेकवताही जग दिसतं, ऐकू येतं. हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, उघडणारी छत्री, ओरडत पळणारी मुलं, सगळं दिसू द्या, लांबून.

लांबून हे मुद्दाम म्हणतेय. पिल्लू या हातातून त्या हातात फिरवणं म्हणजे ओळख करून देणं नव्हे. शेपूट पायात गेली, कान मागे पडले, झोप आलेली नसताना जांभया सुरू झाल्या, की ते घाबरलंय. तिथून मागे व्हा. जवळ जायचं की नाही हे त्याला ठरवू द्या.

आणि कृपा करून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नका. किती जोरात चावलं की समोरच्याला लागतं, हे भावंडं खेळताना शिकवतात. एक केकाटतं, दुसरं थांबतं. माणसाला ते तसं शिकवता येत नाही.

घरात शू केली म्हणून त्यात नाक घासणं, मारणं हे तर मला ऐकवतही नाही. त्यातून ते एवढंच शिकतं, की तुमच्यासमोर शू करायची नाही. मग सोफ्यामागे जातं, आणि बाहेर नेल्यावरही तुमच्यादेखत करत नाही. त्यापेक्षा झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या. शू झाली की तिथेच, त्याच क्षणी खाऊ द्या. घरात परत येऊन दिलेला खाऊ त्याला घरात येण्याबद्दल मिळाल्यासारखा वाटतो.