काचेची खोली गळली, अंगण खचलं : मॅडम, तुमच्या तक्रारीवर माझं उत्तर

मॅडम, नमस्कार.

तुम्ही दोन स्टार देऊन जे लिहिलंय ते मी काल रात्री दोनदा वाचलं. पहिल्याच मोठ्या पावसात काचेची खोली गळली, मागच्या पॅटिओचा, म्हणजे फरशी घातलेल्या अंगणाचा, कोपरा खचला, ६ आठवड्यांचं काम ११ आठवडे चाललं, वर २२,००० रुपये जादा लागले आणि गळती कळवायला फोन केला तर दोन दिवस कोणी उचलला नाही. परवानगीचं निमित्त करून आम्ही वेळ काढला, असंही तुम्ही लिहिलंय. हे शेवटचं मला मान्य नाही. बाकी बहुतेक सगळं खरं आहे, आणि तुमचं लिहिलेलं जिथे लोक वाचतायत तिथेच मी ते कबूल करतो.

आधी गळतीचं. बुधवारी मी आलो तेव्हा आजोबांच्या आरामखुर्चीशेजारी पातेलं ठेवलं होतं आणि भिजलेला पेपर पंख्याखाली पसरला होता. थंडीत त्यांना सकाळचं ऊन मिळावं म्हणून तर आपण ही खोली पूर्वेला घेतली. आजोबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. खुर्ची थोडी सरकवली आणि शिडी लावायला जागा करून दिली. त्याचंच मला जास्त लागलं.

छताच्या शीटमध्ये दोष नाही. १० मिमीचं पॉलिकार्बोनेट (एक मजबूत प्लास्टिक), फुटाला १ इंच उतार, स्क्रूखाली रबरी वॉशर, सगळं जागच्या जागी आहे. पाणी येतंय ते छत तुमच्या जुन्या भिंतीला जिथे भिडतं त्या सांध्यातून. आमच्या माणसांनी तिथे अॅल्युमिनियमची पट्टी नुसती भिंतीवर ठोकली आणि वरून सिलिकॉन ओढलं. मी नाण्याने भिंत वाजवून पाहिली, तर पट्टीच्या वरचं प्लास्टर हातभर लांब पोकळ वाजत होतं. सिलिकॉन रंगाला चिकटलं होतं, भिंतीला नाही. रंगाचा पापुद्रा सुटला आणि त्याच्या मागून पाणी उतरलं. त्यात पॉलिकार्बोनेट उन्हाने वाढतं. १० फुटी शीट ४० अंशांच्या फरकाला जवळजवळ ८ मिमी वाढते. काम मार्चमध्ये संपलं, म्हणजे एप्रिल-मेभर ती रोज दुपारी वाढली, रात्री आखडली आणि प्रत्येक वेळी त्या सांध्याला ओढ बसली. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. २५ वर्षं हाच धंदा करतोय. पण पट्टी बसली त्या दिवशी मी साइटवर नव्हतो, आणि नंतरही शिडी लावून पाहिलं नाही. चूक माझी.

आता ती पट्टी पूर्ण निघेल. पोकळ प्लास्टर विटेपर्यंत काढू, कटरने भिंतीत इंचभर खोल खाच घेऊ, फ्लॅशिंगची, म्हणजे सांधा झाकणाऱ्या नव्या पट्टीची, वरची कड त्या खाचेत घालून पॉलिमर मॉर्टरने भरू. फ्लॅशिंग शीटवर नुसतं झाकून राहील, तिला जखडणार नाही, म्हणजे शीटला हलायला मोकळीक मिळेल. मग तासभर पाइपने पाणी सोडून तुमच्यासमोर तपासू.

पॅटिओचं दुखणं वेगळं आहे. तुमच्याकडे काळी माती आहे. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. खोलीच्या खांबांना आम्ही मुरूम लागेपर्यंत, ४ फूट खोदलं, म्हणून खोलीला कुठे भेग नाही. पॅटिओच्या वेळी तुम्ही म्हणालात, "तिथे नुसत्या खुर्च्याच ठेवायच्यात, कशाला एवढं खोदता?" खर्च वाढत चालला होता, तुमचं बोलणं वावगं नव्हतं. मी ६ इंच मुरूम दाबून त्यावर शहाबादी टाकली. नेमका त्याच कोपऱ्यात गच्चीचा पाइप सुटतो. पाणी मुरलं आणि कोपरा पाऊण इंच बसला. तुम्हीच नको म्हणालात, असं मी म्हणणार नाही. माती ओळखायचे पैसे तुम्ही मला दिले होते. त्या दिवशी "असं करायचं असेल तर हे काम मी घेत नाही" म्हणायला हवं होतं, ते मी म्हणालो नाही.

ओल्या काळ्या मातीत खोदून उपयोग नाही, म्हणून हे काम दसऱ्यानंतर. दोन फूट माती काढू, मुरमाचे थर पाणी मारून धुमसू, फरशीला घराकडून बाहेर उतार देऊ. तोवर पाणी मुरू नये म्हणून गच्चीच्या पाइपला लांब तुकडा जोडून तो कुंपणाकडे काढलाय.

उशिराचे पाच आठवडे. त्यातले दोन आमच्या मापाच्या चुकीचे. दोन तावदानं ६ मिमी मोठी आली, आणि टफन्ड (तापवून कडक केलेली) काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, नवीच मागवावी लागते.

उरलेले तीन परवानगीचे. शेजारच्यांनी मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, शेड टाकल्या, कोणी कागद काढला नाही, असं तुम्ही लिहिलंय. अंगणात फरशी घालणं वेगळं. त्यावर छत टाकून काचा लावल्या की ते बांधकाम होतं, आणि किती मार्जिन मोकळं सोडायचं हे राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीत ठरलेलं आहे. विनापरवाना बांधलं तर प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ ची नोटीस येते ती घरमालकाच्या दारात. तोवर ठेकेदार दुसऱ्या साइटवर असतो. उद्या घर विकायला काढलंत तर घेणाऱ्याची बँक मंजूर नकाशा घराशी ताडून पाहील. म्हणून तर खोली दीड फूट आत घेतली. हे तीन आठवडे मी पुन्हाही घालवीन.

२२,००० रुपये खांबांच्या जादा खोदाईचे आहेत. मी फोनवर सांगितलं, तुम्ही "करा" म्हणालात, पण कागदावर काहीच नाही. आता तुम्हाला आठवत नसेल तर दाखवायला माझ्याकडे काही नाही. निम्मे परत करतोय. यापुढे प्रत्येक जादा काम रकमेसह लिहून, गिऱ्हाइकाचा होकार आल्यावरच सुरू होईल. आणि फोन ज्या मुलाकडे होता तो गावी गेला होता, दुसऱ्याकडे देणं माझं काम होतं. आता माझ्याच नंबरवर करा.

तुमचं वाचून जे कोणी असं काम काढणार असतील त्यांनी ते मला दिलं नाही तरी चालेल. पण ज्याला द्याल त्याला, छत जुन्या भिंतीला कसं भिडवणार आणि फरशीखाली काय घालणार, हे आधी विचारा. दोन पावसाळे काढलेलं त्याचं एखादं काम बघायला मागा. नवं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं.

मॅडम, तुम्ही रोखलेले शेवटचे १० टक्के आत्ता देऊ नका. सांधा नवा झाला तरी पुढचा एक पावसाळा जाऊ द्या. उघडीप राहिली तर शनिवारी सकाळी ९ वाजता मी आणि मिस्त्री येतो. कटरची धूळ फार उडते, तेवढी आजोबांची खुर्ची आतल्या खोलीत ठेवा.