“मोठा टाका भाऊ, लुक येतो”

काल मागचं चाक काढून परत बसवायला मला सव्वा तास लागला. नागपूर-काटोल रोडवर फेटरीच्या पुढे आत वळलं की संत्र्याच्या बागांमधून एक पांदण जाते, तिथे. बाभळीचा काटा, चांगला दीड इंच लांब, गोटा झालेल्या टायरमधून सरळ आत. साधी सायकल असती तर दहा मिनिटांत ट्यूब बदलून पुढे निघालो असतो. माझी ही बॅटरीवाली, मोटर मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच. म्हणजे आधी वायरीवरचे झिप टाय कापा, कनेक्टर सोडवा, १८ च्या पान्ह्याने दोन्ही नट ढिले करा, कुठला वॉशर कुठल्या बाजूला होता ते लक्षात ठेवा, मग ते जड धूड चेनमधून सोडवून बाहेर ओढा. आणि हे सगळं मातीत बसून.

धुऱ्यावरून एक काका आले. “काय झालं जी?” म्हणाले, चाक धरून उभे राहिले, पाणी दिलं. “या कुंपणाच्या काट्या हायेत. मोटारसायकलले बी सोडत नाही.” काकांचं बरोबर होतं. शेताला काट्यांचं कुंपण असणारच, पऱ्हाटीचे खुंट वाटेवर पडणारच, सराटे चाकाला चिकटणारच. हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्याला नागपुरात टायर विकायचा आहे, त्याला हे माहीत नसावं? माझा संताप तिथे आहे, आणि तो जूनपासून साचत आलाय.

जूनमध्ये माझ्या मागच्या टायरची मधली बटणं, म्हणजे नक्षीतले रबरी उंचवटे, पार झिजली. दोन हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या दुकानात गेलो. माझा मूळ टायर २७.५ × २.४, म्हणजे चाक २७.५ इंची आणि टायरची रुंदी २.४ इंच. मी विचारलं, मागे काय टाकू? रोज घरून सिमेंट रोडने फुटाळा, तिथून सेमिनरी हिल्सचा चढ, रविवारी गोरेवाड्याच्या पुढच्या कच्च्या वाटा. माणसाने माझं बोलणं अर्धवट ऐकलं आणि म्हणाला, “मोठा टाका भाऊ, २.८ टाका. लुक येतो. पावसाळ्यात नक्षी पण खोल पाहिजे.” त्याने ना माझी रिम मोजली, ना फ्रेममधली जागा पाहिली. वजन किती, हवा किती भरता, मोटर कुठे आहे, काही म्हणजे काही विचारलं नाही. साडेतीन हजार घेतले आणि टायर चढवून दिला. मीही विश्वास ठेवला, कारण तो त्याचा धंदा आहे. डॉक्टरकडे गेल्यावर आपण औषधाची बाटली उलटी करून तपासतो का?

घरी येऊन मोजलं. माझ्या रिमची आतली रुंदी २५ मिलिमीटर. २.८ म्हणजे साधारण ७१ मिलिमीटरचा टायर. त्याला निदान तिशीच्या पुढची रिम लागते, ३५ असेल तर उत्तम. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो फुग्यासारखा वर फुगतो, खाली बुडाला धरच राहत नाही. सेमिनरी हिल्सवरून उतरताना वळणावर मागचं चाक एका बाजूला कलंडल्यासारखं व्हायचं. हवा कमी केली की आणखी लोळायचं, वाढवली की खडीवर उड्या मारायचं. पंधरा दिवस मला वाटत होतं की स्पोक ढिले झालेत.

मग जुलै आला. पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच पांदणीत शिरलो. काळी माती कशी असते ते विदर्भात कोणाला सांगायला नको. ती पाणी पिऊन फुगते, चिकटते, थरावर थर चढवते. टायर आणि फ्रेमच्या मागच्या दांड्यांमध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जागा उरली होती. किमान सहा तरी हवी. शंभर मीटरमध्ये चाक मातीने गच्च भरलं. साध्या सायकलीवर पाय थांबतात, आपण उतरतो. इथे मोटर ढकलतच राहिली! फ्रेमचा रंग घासून खाली ॲल्युमिनियम दिसायला लागलं, करंट कुठे जाणार म्हणून मोटरला करंट देणारा कंट्रोलर तापला, आणि २४ किलोची सायकल मी खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आणली. चिखलात रुंद टायर चालतो हे कोणी सांगितलं यांना? रुंद टायर वाळूवर चालतो, मोकळ्या मुरमावर चालतो, कारण तो वर तरंगतो. काळ्या मातीत अरुंद टायर लागतो, जो चिखल कापून खालच्या कडक थराला भिडेल. त्याची बटणं उंच पण एकमेकांपासून लांब हवीत, म्हणजे फिरताना माती आपोआप झटकली जाते. आणि खरं सांगायचं तर भर पावसात काळ्या रानात सायकल नेऊच नये. हे एवढं एक वाक्य काउंटरवर कोणी बोललं असतं तर माझी फ्रेम वाचली असती.

“पावसाळ्यात नक्षी खोल पाहिजे” हे दुसरं. हे ऐकलं की डोकं तडकतं. गाडीच्या टायरला पाणी काढायला खाचा लागतात, कारण गाडी ऐंशी-शंभरने धावते आणि तिचा टायर चपटा, रुंद असतो. सायकलचा टायर गोल, अरुंद. आपल्या कायद्यात २५ च्या आत वेग आणि २५० वॉटच्या आत मोटर असली तरच ही सायकल बिना रजिस्ट्रेशनची चालते. त्या वेगाला ती पाण्यावर तरंगूच शकत नाही. सिमेंटवर, ओलं असो की कोरडं, पकड रबराच्या मऊपणाने मिळते आणि जास्तीत जास्त रबर जमिनीला टेकल्याने मिळते. उंच बटणं सिमेंटवर वाकतात, घरघरतात, बॅटरी खातात आणि झिजतात. मला २.४ च्या जुन्या टायरवर एका चार्जमध्ये पंचेचाळीस किलोमीटर मिळायचे. त्या २.८ वर पस्तीसला बॅटरी मान टाकायची. आणि नागपुरात आता घर ते मैदान सगळं सिमेंटच आहे, हे दुकानात उभं राहून काचेतूनही दिसतं.

बॅटरीवाल्या सायकलचं मागचं टायर वेगळ्या विचाराने निवडावं लागतं, हे तर कोणाच्या गावीच नाही. मी ८२ किलोचा, सायकल २४ ची, वर पाणी, पंप, हत्यारं. एकूण एकशे दहाच्या घरात, आणि त्यातलं साठ टक्क्यांहून जास्त मागच्या चाकावर. त्यात मोटरचं वजन थेट चाकातच, म्हणजे दगडावर आदळलं की सगळा मार रिमला आणि ट्यूबला. चढावर मोटर एकदम ओढते, चाक कणभर घसरतं, आणि प्रत्येक वेळी मधल्या बटणांच्या कडा खाल्ल्या जातात. म्हणून मागे मधली बटणं ठेंगणी, जवळजवळ, सलग पट्ट्यासारखी हवीत. रबर थोडं कडक, आत काटा अडवणारा जाड थर. पुढे उलट. पुढे ओढ नाही, पुढे वळण आहे, ब्रेक आहे. तिथे रबर मऊ आणि कडेची बटणं दणकट हवीत, म्हणजे मुरमावर चाक वळवलं की ती जमिनीत रुतून धरतात. पुढे २.४, मागे २.२५, असं साधं गणित आहे माझ्या वाटांसाठी. जोडी सारखीच हवी असा हट्ट दुकानदारांचा, कारण डब्यात जोडी येते.

हवेचं तर बोलायलाच नको. पंक्चरवाल्याकडे जा, कॉम्प्रेसर लावून अंगठ्याने दाबून बघतो आणि दगड करून देतो. घरी येऊन दाब मोजायचं गेज लावलं तर ५५ पीएसआय! मला मागे ३०-३२ आणि पुढे २५-२६ पुरते. त्याहून कमी केली तर एवढ्या वजनाला ट्यूब रिममध्ये चेचते, जास्त केली तर मुरमावर पकड जाते. त्यात आपला मे महिना. सकाळी २८ अंशांत ३० भरली तर दुपारी ४५ अंशांत ती नुसत्या हवेच्या तापण्यानेच अडीच पीएसआयने वाढते, काळा टायर उन्हात उभा असेल तर आणखी. ट्यूबलेस करून बघितलं एका मित्राने. त्याचं सीलंट, म्हणजे छिद्र बुजवायला टायरमध्ये ओततात ते द्रव, दोन महिन्यांत आत वाळून पापुद्रे झाले. बाटलीवर सहा महिने लिहिलेलं. कुठल्या थंड गावातले सहा महिने?

आता चार महिने झाले, मी योग्य टायर शोधतोय. आणि इथे माझा सगळ्यात मोठा वैताग. टायरच्या बाजूवर दोन आकडे छापलेले असतात, पहिला रुंदी, दुसरा रिमवर बसण्याचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मला मागे हवा तो ५७-५८४, म्हणजेच २७.५ × २.२५. एवढं लिहिलं की विषय संपला, जगात कुठेही त्याच मापाचा टायर मिळेल. इंचांचा काही भरवसा नाही. आजोबांच्या काळ्या सायकलला आपण २८ इंची म्हणतो, तिच्या रिमचा तो व्यास ६३५. आजच्या २९ इंची माउंटन बाइकचा ६२२. अठ्ठावीस एकोणतीसपेक्षा मोठं! म्हणूनच ते मिलिमीटरचे आकडे आले. पण ऑनलाइन विकणारे ते आकडे लिहीतच नाहीत. “२७.५ माउंटन टायर, ऑल टेरेन, हेवी ड्यूटी, स्टायलिश.” फोटो तिरका काढलेला, बाजूवरचा छापा दिसणार नाही असा. काट्याविरुद्ध थर आहे का, नाही सांगत. रबर कसलं, नाही सांगत. बॅटरीच्या सायकलसाठी चालेल का विचारलं तर उत्तर येतं, “हो सर, बेस्ट क्वालिटी.” एक मागवला, आला २६ इंची. परत पाठवायला बारा दिवस.

त्या काचेच्या दुकानात पुन्हा गेलो होतो, २.८ परत घ्या म्हणून. “वापरलेला माल घेत नाही.” मी म्हटलं, अहो, तुम्हीच चुकीचा बसवलात, रिम २५ ची आहे. तर तो माणूस मला विचारतो, “रिमचं काय?” तिथे मी काउंटरवर हात आपटला, खोटं कशाला बोलू. एक लाखाच्या आसपासची सायकल विकता, आणि तिच्या रिमचं काय म्हणून मला विचारता? व्हर्नियर नको, घरातली स्टीलची पट्टी पुरते मोजायला. तेवढे तीस सेकंद गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत?

म्हणून काल मी जुन्या, गोटा झालेल्या टायरवर होतो. म्हणून तो काटा लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. चाक अजून बाल्कनीत उलटं पडलंय, वायर लोंबतेय, २.८ चा टायर खिळ्याला टांगलाय. नागपुरात कोणाकडे ५७-५८४, मधली बटणं ठेंगणी, काट्याचा थर असलेला टायर असेल तर सांगा. सदर, महाल, हिंगणा, कुठेही येतो. येताना पट्टी माझी मी घेऊन येईन.