‘फुंकू नका, पोलीस काहीच करू शकत नाहीत’ म्हणे!

गटारीच्या आदल्या दिवशी घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा एक संदेश भाच्याने मला पाठवला आणि खाली विचारले, “मामा, हे खरे आहे ना?” त्याला लायसन्स मिळून जेमतेम चार महिने झाले आहेत. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावरून उतरताना नाकाबंदीत पोलिसांनी श्वासातले मद्य तपासायचे मशीन पुढे केले, तर कलम 203 सांगून फुंकायला नकार द्यावा, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे सांगणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3)चा हवाला द्यावा आणि दोन तास तग धरावा, म्हणजे पोलिसांना सोडावेच लागते, असा तो उपदेश होता.

कलमाचा आकडा बरोबर आहे. ते वाचण्याचे कष्ट मात्र कोणी घेतलेले दिसत नाहीत. मोटार वाहन कायदा, 1988 मधील या कलमाचे चौथे पोटकलम नेमके उलटे सांगते: चालकाने श्वासाचा नमुना नाकारला आणि तो प्यायला असल्याचा वाजवी संशय असला, तर पोलीस अधिकारी त्याला वॉरंटशिवाय अटक करू शकतो. त्यानंतर कलम 204 प्रमाणे डॉक्टरमार्फत रक्ताचा नमुना मागता येतो. कलम 205 तर त्याहून पुढे जाते. नकाराला सबळ कारण दाखवता आले नाही, तर तो नकारच सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळकटी देणारा मानता येतो. आकडा उमटू नये म्हणून तोंड मिटून घ्यायचे आणि खटल्यात तेच मिटलेले तोंड आपल्यावर उलटवून घ्यायचे, याला हे महाशय युक्ती म्हणतात!

अनुच्छेद 20(3)बद्दल फार लिहायला नको. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांनी काठी कालू ओघड खटल्यात 1961 मध्येच सांगितले आहे.

दोन तासांची गोष्ट अर्धी खरी आहे. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर ताब्यातून सोडावे, असे कलम 202 चे परंतुक (कलमाला जोडलेली अट) म्हणते. पण ताब्यातून सुटणे म्हणजे गुन्ह्यातून सुटणे नव्हे. शिवाय रक्तातले मद्य तासाला साधारण 15 मिलीग्रॅमनेच उतरते. 100 मिलीलीटर रक्तात 100 मिलीग्रॅम असलेला माणूस दोन तासांनीही 70 वर असतो आणि कायद्याची मर्यादा 30 आहे. ती ओलांडल्यास पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

नुसत्या नकाराला या कलमांत वेगळी शिक्षा नाही आणि मशीनला नवी नळी लावा म्हणण्यात काही गैर नाही, एवढे मान्य करतो.

भाच्याला कलम 205 चा फोटो पाठवला. त्याचे उत्तर आले, “येऊरहून रात्री रिक्षा मिळते का?”