183 दिवसांच्या आत माणूस परत आणला, तरी कर लागू शकतो

नमस्कार. कर्मचाऱ्यांना कामासाठी परदेशी पाठवण्याबद्दल इतकी सविस्तर आणि स्पष्ट प्रतिक्रिया दिल्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : परदेशात काय करायचं ते धंदा ठरवतो, एचआरनं त्यात बदलत्या जगाचं अवडंबर माजवू नये. माणूस 183 दिवसांच्या आत परत आणावा, म्हणजे तिथला कर लागत नाही; जास्त दिवस लागणार असतील तर ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ कंपनीमार्फत (म्हणजे कागदोपत्री मालक बनून आपल्यासाठी माणूस नेमणाऱ्या तिथल्या कंपनीमार्फत) नेमावा आणि धोरण सगळ्या देशांत एकच ठेवावं.

दिशा धंदाच ठरवतो, हे मान्य. पण आधी निर्णय आणि मग एचआरला निरोप ही पद्धत माणसं तीन-तीन वर्षांसाठी कुटुंबासह जायची तेव्हा खपून जायची. व्हिसा, घर, शाळा यांतच महिने जात, तेवढ्यात कागदपत्रं होत. आता सहा आठवड्यांची कामं आहेत, दोन देशांत विभागलेल्या टीम आहेत, आणि तिकीट दहा मिनिटांत निघतं.

183 दिवसांचा आकडा ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या नमुना करकरारातल्या कलम 15 चा. बहुतेक द्विपक्षीय करार त्याच धर्तीवर आहेत. तिथं अटी तीन आहेत : मुक्काम ठरलेल्या 12 महिन्यांत 183 दिवसांपेक्षा जास्त नको, पगार देणारा मालक यजमान देशातला (जिथं काम करायला गेला तिथला) नको, आणि पगाराचा बोजा त्या मालकाच्या यजमान देशातल्या कायम आस्थापनेवर (म्हणजे जिच्यामुळे तिथं कंपनीच्या नफ्यावर कर लागतो, अशा धंद्याच्या अस्तित्वावर) नको. तिन्ही पाळल्या तरच तिथला कर टळतो. दिवस मोजताना येण्याचा आणि जाण्याचा दिवस, शनिवार-रविवार, तिथं घालवलेली सुट्टी, सगळं धरतात. शिवाय काही जुने करार 12 महिन्यांऐवजी करवर्ष धरतात, म्हणून त्या-त्या देशाशी झालेला करार उघडून बघावाच लागतो.

गाडी अडते ती दुसऱ्या अटीवर. समजा, अभियंता फक्त 60 दिवसांसाठी परदेशातल्या उपकंपनीत गेला. काम तिचं, म्हणून महिनाअखेरीस फायनान्सनं त्याचा पगार तिच्या नावे डेबिट केला. हिशेबाच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे. पण कामावर देखरेख तिची आणि खर्चही तिचा, म्हणून अनेक देश तिलाच खरी मालक धरतात, आणि मग कर पहिल्या दिवसापासून लागू होतो. शॅडो पेरोल (पगार मायदेशात देऊनही यजमान देशातला कर कापण्यासाठी ठेवलेलं समांतर पगारपत्रक) सुरू केलेला नसतो, कपात झालेली नसते, व्याज-दंड चढत जातो. त्यात कर्मचाऱ्याला ‘हातात 1000’ असा शब्द दिलेला असेल आणि दर 30 टक्के असेल, तर कंपनीला 300 नव्हे, सुमारे 429 कर भरावा लागतो. कारण कंपनीनं भरलेला करही त्याचं उत्पन्नच ठरतो.

सामाजिक सुरक्षेचा, म्हणजे पेन्शन, आरोग्यविमा अशा वर्गणीचा, हिशेब याहून वेगळा. युरोपीय संघात ए1 प्रमाणपत्र (मायदेशाचीच सामाजिक सुरक्षा लागू असल्याचा दाखला) असेल तर 24 महिन्यांपर्यंत मायदेशातच वर्गणी भरता येते, पण कराशी त्याचा काही संबंध नाही. व्हिसाचंही तसंच. बैठकीसाठीच्या व्हिसावर यंत्र बसवण्याचं काम केलं, तर एका दिवसातही नियमभंग होऊ शकतो.

एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्डची वाट नव्या देशात पहिले दोन-चार लोक नेमायला खरंच उपयोगी आहे. पण तोच माणूस तिथं तुमच्या वतीनं नेहमी करार पक्के करत असेल, तर पगारपत्रकावर नाव कुणाचंही असो, कायम आस्थापनेचा धोका राहतोच. जर्मनीत तर दुसऱ्याकडून घेतलेला कामगार एका कंपनीत साधारणपणे 18 महिन्यांपर्यंतच ठेवता येतो.

एकच धोरण? तत्त्वं एक ठेवा, जरूर ठेवा. पण कामगिरी मोजणारं सॉफ्टवेअर मुख्यालयानं सोमवारी सगळीकडे सुरू केलं, तर जर्मनीत जिथं कामगार परिषद (कर्मचाऱ्यांनी निवडलेली प्रतिनिधी समिती) आहे तिथं तिच्या संमतीशिवाय ते चालणार नाही. ही बोलणी महिनोन्‌महिने चालू शकतात. म्हणून परिषदेशी बोलणं खरेदीच्या आधी सुरू व्हायला हवं, नाहीतर वापरता न येणाऱ्या परवान्याचे पैसे भरत बसावं लागतं.

म्हणून माझा आग्रह एका छोट्या अर्जासाठी आहे, आणि तो तिकिटाच्या आधी भरला गेला पाहिजे. त्यात देश, तारखा, नेमकं काम, नागरिकत्व, गेल्या 12 महिन्यांत त्या देशात घालवलेले दिवस, करारावर सही करण्याचा अधिकार आहे का, आणि पगाराचा खर्च शेवटी कोणाच्या खात्यावर पडणार, एवढंच विचारायचं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर जाणाऱ्याकडून किंवा त्याच्या मॅनेजरकडून घेऊ नका. ते फायनान्सकडूनच लेखी घ्या, आणि पुढे तो खर्च उपकंपनीच्या नावे टाकणारी डेबिट नोट काढायचं ठरलं तर ती निघण्याआधी एचआरला कळवण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच ठेवा.